पूर्वविद्यमान रोग आणि आरोग्यविमा (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

पूर्वविद्यमान रोग आणि आरोग्यविमा : आरोग्यविम्याचा अथवा परस्पर-साहाय्याचा करार ज्या दिवशी अमलात येतो, त्या दिवसापूर्वीच सभासदाच्या शरीरात असलेल्या रोगास वा व्यंगास विमाव्यवहारात ‘पूर्वविद्यमान रोग’ म्हणतात. मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, हृद्‌रोग, मूत्रपिंडाचे विकार ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. ही संज्ञा मुळात वैद्यकातील नाही. वैद्यकाच्या दृष्टीने रोग तीव्र असतो किंवा चिरकारी असतो. तो ‘पूर्वीचा’ ठरतो, तो कराराच्या तारखेमुळे. त्यामुळे एकाच माणसाचा एकच रोग एका योजनेत पहिल्या दिवसापासून उपचारास पात्र, तर दुसऱ्या योजनेत काही वर्षे अपात्र ठरू शकतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसरात अशा भिन्न योजना शेजारी शेजारी वाढल्या. कारखान्यातील कामगार, रेल्वेचे नोकर, मुंबईस रोज नोकरीसाठी जाणारा मध्यमवर्ग आणि असंघटित श्रमिक अशा चारही वर्गांची येथे दाट वस्ती आहे. पुष्कळ कुटुंबांत एका पिढीत वा एकाच माणसाच्या आयुष्यात एका वर्गातून दुसऱ्या वर्गात संक्रमण झाले. जुन्या दुखण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न नेमका या संक्रमणाच्या वेळी उभा राहतो.

मूळ प्रश्न : आजाराचा खर्च वाटून घेणारी कोणतीही योजना अनिश्चिततेवर आधारलेली असते. आपण आजारी पडू किंवा नाही हे कोणासच ठाऊक नसते, म्हणून सर्वजण थोडी थोडी वर्गणी देतात आणि ज्यांच्यावर प्रसंग येतो त्यांचा खर्च भागतो. समजा, शंभर कुटुंबांनी दरवर्षी प्रत्येकी १,००० रु. जमा केले आणि वर्षभरात पाच जणांस प्रत्येकी २०,००० रु. खर्चाचे उपचार करावे लागले, तर जमा आणि खर्च यांचा मेळ बसतो. आता ज्यांना शस्त्रक्रिया करावी लागणार हे आधीच ठाऊक आहे, अशी दहा कुटुंबे त्यात सामील झाली, तर जमा १,१०,००० रु. आणि खर्च ३,००,००० रु. होईल व वर्गणी सुमारे २,७०० रु. करावी लागेल. ती वाढताच निरोगी कुटुंबे बाहेर पडू लागतात, उरलेल्यांवरील बोजा आणखी वाढतो आणि निधी अखेर मोडतो. या प्रक्रियेस अर्थशास्त्रात ‘प्रतिकूल निवड’ म्हणतात. याउलट, गावातील सर्वच्या सर्व हजार कुटुंबे निधीत आधीपासून असतील, तर तीच दहा कुटुंबे समाविष्ट करूनही वर्गणी १,२०० रु. च्या आतच राहते. म्हणजे पूर्वविद्यमान रोगाचा खर्च पेलण्याची क्षमता ही मुख्यतः समूहाच्या व्याप्तीवर अवलंबून असते.

या अडचणीवर आजवर चार मार्ग वापरले गेले आहेत : (१) जुना रोग करारातून कायमचा वगळणे, (२) काही काळ वगळून नंतर समाविष्ट करणे, म्हणजेच प्रतीक्षाकाल लावणे, (३) अशा सभासदाकडून अधिक हप्ता घेणे किंवा उपचारखर्चाचा काही वाटा त्याच्यावर टाकणे, आणि (४) कायद्याने वा नोकरीच्या अटीने संपूर्ण समूहास सभासद करून जुन्या रोगाची चौकशीच न करणे. पहिले तीन मार्ग ऐच्छिक योजनांचे, तर चौथा सक्तीच्या वा सामूहिक योजनांचा होय. ऐच्छिक योजनेतही चौथ्या मार्गाकडे झुकणारा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी चालविलेल्या योजनेत शेतकरी कुटुंबे ज्वारीच्या रूपाने वर्गणी देत. गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील होत असतील तरच ते गाव योजनेत घेतले जाई. केवळ आजारी कुटुंबांनीच नाव नोंदवू नये, हा या अटीचा हेतू होता.

पूर्वपीठिका : यूरोपात कारागीर-संघांच्या व मित्रमंडळांच्या आजार-निधींत नव्या सभासदाची प्रकृती पाहूनच प्रवेश देण्याची रीत होती. जर्मनीत १८८३ मध्ये सक्तीच्या आजारविम्याचा कायदा झाला, तेव्हा ठराविक वर्गातील सर्व कामगार विम्याखाली आले. ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने वर्गणी सक्तीची केली, पण तिचा कारभार मान्यताप्राप्त मंडळांकडे सोपविला. प्रकृती चांगली नसलेल्या अर्जदारास नाकारण्याची मुभा या मंडळांना होती. अशा नाकारलेल्या लोकांना टपाल खात्यात ठेव ठेवणारे सभासद म्हणून नोंदवीत आणि त्यांना स्वतःच्या खात्यावर जमा असेल तेवढ्याच रकमेचा लाभ मिळे. वर्गणी सक्तीची असली, तरी सभासद निवडण्याचा अधिकार मंडळाकडे राहिल्यास ज्यांना गरज सर्वांत अधिक तेच बाहेर राहतात, हे या उदाहरणावरून स्पष्ट झाले.

भारतात रॉयल कमिशन ऑन लेबर या आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात आजारविम्याचा विचार केला. मुंबई प्रांतात १९३७ मध्ये नेमलेल्या कापड-उद्योग कामगार चौकशी समितीनेही त्याचा पुरस्कार केला. पुढे १९४३ मध्ये भारत सरकारने प्रा. बी. पी. अडारकर यांची याच कामी नेमणूक केली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्याकडे होते. अडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये सादर झाला आणि त्याच्या आधारे कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ संमत झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे या योजनेस प्रारंभ झाला, तर मुंबईत ती १९५४ मध्ये आली.

राज्य कामगार विमा योजना : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. पुढे डोंबिवली येथे रसायने, रंगद्रव्ये व कापडप्रक्रिया यांचे कारखाने निघाले. शहाड व मोहने येथे कृत्रिम धाग्यांचे मोठे कारखाने होतेच. या कारखान्यांतील ठराविक वेतनमर्यादेखालील कामगार राज्य कामगार विमा योजनेत आले. योजनेची रुग्णालये ठाण्यास वागळे इस्टेटमध्ये आणि उल्हासनगर येथे उभी राहिली, तर वस्तीतील बाह्योपचार नेमलेल्या खाजगी डॉक्टरांमार्फत मिळू लागले. त्यांना कामगार ‘पॅनेल डॉक्टर’ म्हणत.

पूर्वविद्यमान रोगाच्या दृष्टीने या योजनेची रचना लक्षणीय आहे. विमेदार कामगाराची नोंदणी करताना त्याच्या जुन्या आजारांची विचारपूस होत नाही. विमायोग्य नोकरीत रुजू झाल्या दिवसापासून वैद्यकीय उपचार मिळतो. पूर्वीचा मधुमेह वा दमा असला, म्हणून औषध नाकारले जात नाही. वर्गणी वेतनाच्या प्रमाणात असते, रोगाच्या प्रमाणात नसते. १ जुलै २०१९ पासून ती मालकाकडून ३·२५ टक्के व कामगाराकडून ०·७५ टक्का अशी ठरविण्यात आली. तथापि योजनेने स्वतःचे रक्षण अजिबात केले नाही, असे नव्हे. १९४८ च्या अधिनियमाखालील नियमांप्रमाणे आजारपणातील रोख लाभासाठी सहा महिन्यांच्या अंशदान-कालात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागे. क्षय, कर्करोग यांसारख्या दीर्घकालीन रोगांवरील वाढीव रोख लाभासाठी दोन वर्षांची सलग नोकरी व चार अंशदान-कालांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी आवश्यक असे. अतिविशेष उपचारांसाठीही नोकरीच्या कालावधीची अट घालण्यात आली. म्हणजे प्रतीक्षाकाल येथेही आहे. परंतु तो रोग जुना की नवा हे पाहत नाही, सर्वांना सारखाच लागू होतो.

कारखान्यातील कामामुळे जडलेल्या व्यवसायजन्य रोगांना आणखी वेगळी वागणूक मिळाली. अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत नमूद केलेला रोग त्या त्या कामात जडल्यास तो कामावरील इजेसमान मानला जाई व त्याच्या लाभासाठी वर्गणीच्या दिवसांची अट नसे. कारखाने अधिनियमाच्या १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांतील कामगाराची कामावर घेण्यापूर्वी, काम चालू असताना आणि काम सोडल्यानंतरही वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. ही तरतूद कामगाराच्या संरक्षणासाठी होती. पण भरतीपूर्व तपासणीचा दुसरा परिणामही संभवतो. विमा योजना जुना रोग विचारीत नाही, परंतु नोकरी देणारा तो पाहू शकतो. नोकरीच नाकारली गेली, तर विम्याचे दार आपोआप बंद होते. सामूहिक योजनेतील निवड अशा रीतीने कारखान्याच्या फाटकावर होऊ शकते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आणि १९४८ चा अधिनियम तीत विलीन झाला; वेतनाधारित वर्गणी व विमेदारास वैद्यकीय लाभ ही मूळ चौकट मात्र संहितेतही कायम ठेवण्यात आली आहे. [→ सामाजिक सुरक्षा].

रेल्वे व इतर नोकरदार : मुंबई-ठाणे लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला व १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत पोहोचला. तेव्हापासून कल्याण हे रेल्वे कामगारांचे मोठे केंद्र आहे. मध्य रेल्वेचे येथे स्वतःचे रुग्णालय असून कर्मचारी व कुटुंबीय यांना नोकरीच्या हक्काने उपचार मिळतात. निवृत्तांसाठीच्या १९९७ च्या उदार आरोग्य योजनेत निवृत्तीच्या वेळी एकरकमी वर्गणी भरून उपचार आजीव चालू ठेवण्याची सोय करण्यात आली. नोकरीत जडलेला रोग निवृत्तीच्या दिवशी ‘जुना’ ठरू नये, हे तिचे वैशिष्ट्य होय. बँक कर्मचाऱ्यांसाठी २०१५ च्या द्विपक्षीय करारानंतर सामूहिक विमापत्र आले व त्यात निवृत्तांचाही समावेश करण्यात आला. खाजगी कंपन्यांच्या सामूहिक विमापत्रांतही मालक व विमा कंपनी यांच्यातील वाटाघाटींनुसार पूर्वविद्यमान रोग पुष्कळदा पहिल्या दिवसापासून समाविष्ट असतात. समूह नोकरीच्या कारणाने बनलेला असतो, विमा घेण्यासाठी बनलेला नसतो. म्हणून कंपनीस प्रतिकूल निवडीचे भय कमी असते. मात्र हे संरक्षण नोकरीबरोबर संपते.

यांखेरीज या शहरांतील अनेक सहकारी पतसंस्था सभासद कल्याण निधीतून आजारी सभासदास ठराविक रक्कम देतात. रक्कम लहान व मर्यादित असल्याने रोग केव्हापासूनचा आहे, ही चौकशी तेथे सहसा महत्त्वाची ठरत नाही; पण त्याच कारणाने मोठ्या शस्त्रक्रियेचा भार असा निधी उचलू शकत नाही.

मेडिक्लेम : ज्यांना कामगार विमा वा सरकारी नोकरीतील सोय नव्हती, अशा मध्यमवर्गासाठी १९८६ मध्ये सर्वसाधारण विमा महामंडळाच्या चार उपकंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ हे विमापत्र आणले. नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या त्या कंपन्या होत. ठाणे व डोंबिवली येथील कारकून, शिक्षक, लहान व्यापारी व व्यावसायिक यांना रुग्णालयाच्या खर्चासाठी वैयक्तिक विमा प्रथमच सुलभपणे उपलब्ध झाला. या विमापत्रातील अपवादांच्या यादीत पूर्वविद्यमान रोगाचे कलम अग्रभागी होते. त्याची व्याख्या फार व्यापक होती. करारापूर्वी रोगाची लक्षणे शरीरात असणे एवढेच पुरेसे मानले जाई. ती त्या रोगाची लक्षणे आहेत हे विमेदारास ठाऊक होते किंवा नव्हते, हा प्रश्न गौण होता. त्या रोगातून पुढे उद्‌भवलेली गुंतागुंतही जुन्या रोगाचाच भाग समजली जाई. शिवाय पहिल्या ३० दिवसांतील आजार, तसेच पहिल्या वर्षात मोतीबिंदू, अंतर्गळ, मूळव्याध, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया इत्यादी उपचार वगळलेले असत.

या व्याख्येमुळे पुरावा हाच वादाचा विषय बनला. मधुमेहाचे निदान विमा घेतल्यानंतर झाले, तरी तो त्यापूर्वी असलाच पाहिजे असे कंपनीच्या डॉक्टरांनी म्हणणे शक्य होते, आणि नंतरचा हृद्‌रोग मधुमेहाची गुंतागुंत म्हणून नाकारला जाऊ शके. रुग्णालयातील नोंदीत ‘काही वर्षांपासून रक्तदाब’ अशा अर्थाची एखादी ओळ दाव्याचा निकाल लावण्यास पुरे होई. दुसऱ्या बाजूस कंपन्यांचीही अडचण खरी होती. विमा हा परम सद्‌भावाचा करार असून प्रस्तावपत्रात आपली प्रकृती खरी सांगणे हे विमेदाराचे कर्तव्य असते [→ विमा]. शस्त्रक्रिया ठरल्यानंतर विमापत्र घेणाऱ्यांचा खर्च अखेर प्रामाणिक विमेदारांच्याच हप्त्यांवर पडतो. योगायोगाने ग्राहक संरक्षण अधिनियमही १९८६ मध्येच झाला आणि असे वाद दिवाणी न्यायालयाऐवजी जिल्हा ग्राहक मंचापुढे येऊ लागले. या अधिनियमाची जागा पुढे २०१९ च्या अधिनियमाने घेतली.

योजनांमधील संक्रमण : वरील योजनांपैकी प्रत्येक योजना आपापल्या मर्यादेत सुसंगत आहे. अडचण त्यांच्या सांध्यावर निर्माण होते. कामगार विमा योजनेस वेतनमर्यादा आहे. १ जानेवारी २०१७ पासून ती दरमहा २१,००० रु. करण्यात आली. वेतन या मर्यादेपलीकडे गेल्यास चालू अंशदान-काल संपल्यावर कामगार योजनेबाहेर पडतो. अनेक वर्षे योजनेतून मधुमेहाचे औषध घेणारा कामगार पगारवाढीनंतर वैयक्तिक विमापत्र घेऊ लागतो, तेव्हा तोच मधुमेह प्रथमच ‘पूर्वविद्यमान’ ठरतो. रोग नवा नाही व वर्गणीही खंडित झालेली नाही. केवळ ती भरण्याचे ठिकाण बदलले आहे.

कारखाना बंद पडल्यास हीच गोष्ट अधिक कठोरपणे घडते. १९८० नंतर मुंबई-ठाणे पट्ट्यातील अनेक कारखाने बंद झाले वा अन्यत्र हलले; मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना २००९ मध्ये बंद झाला. अशा वेळी चाळिशी-पन्नाशीतील कामगार नोकरी, राहण्याची हमी आणि आरोग्याची सोय एकदमच गमावून बसतो. या वयात चिरकारी रोग जडलेले असण्याचा संभव अधिक, आणि विमा कंपनीच्या दृष्टीने तोच सर्वांत जोखमीचा अर्जदार असतो. यावर काही उपाय योजण्यात आले. किमान पाच वर्षे विमेदार राहून निवृत्त झालेल्या कामगारास अल्प वार्षिक वर्गणीवर स्वतःसाठी व जोडीदारासाठी उपचार चालू ठेवण्याची तरतूद झाली. १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेखाली कारखाना बंद पडल्याने बेकार झालेल्या पात्र विमेदारांस भत्त्याबरोबर त्या कालापुरते वैद्यकीय उपचारही मिळू लागले. तथापि पात्रतेइतकी नोकरी न झालेला कंत्राटी कामगार या दोन्ही तरतुदींबाहेरच राहिला.

नियमनाचा विकास : विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाल्यानंतर (२०००) प्रत्येक कंपनीची व्याख्या वेगळी असल्याने गोंधळ वाढला. २००८ मध्ये सर्वसाधारण विमा कंपन्यांनी समान व्याख्या स्वीकारली. करारापूर्वीच्या ४८ महिन्यांत लक्षणे, निदान वा उपचार झालेला रोग तो पूर्वविद्यमान, आणि सलग ४८ महिने विमा चालू राहिल्यावर तोही समाविष्ट, असे तिचे स्वरूप होते. कायमचा अपवाद जाऊन प्रतीक्षाकाल आला, हा महत्त्वाचा बदल होय. १ ऑक्टोबर २०११ पासून एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत जाताना पूर्ण केलेला प्रतीक्षाकाल सोबत नेण्याची सोय झाली. तीस ‘पोर्टेबिलिटी’ म्हणतात. २०१३ च्या विनियमांनी आजीव नूतनीकरणाचे तत्त्व प्रस्थापित केले.

विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये अपवादांची भाषा प्रमाणित केली. कायमचे वगळता येतील अशा रोगांची यादी मर्यादित केली आणि आठ वर्षे सलग विमा चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, जुनी माहिती दडविल्याच्या कारणाने दावा नाकारता येणार नाही, असा नियम घातला. या कालास ‘मोरेटोरियम’ म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये व्याख्या आणखी आटोपशीर झाली. वैद्याने केलेले निदान, दिलेला सल्ला वा केलेला उपचार हीच कसोटी राहिली आणि विमेदारास न कळलेली लक्षणे तीतून गळाली. मेडिक्लेमच्या मूळ कलमातील सर्वांत वादग्रस्त भाग अशा रीतीने चौतीस वर्षांनी संपुष्टात आला. १ एप्रिल २०२४ पासून प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त ३६ महिने, तर मोरेटोरियम ६० महिने करण्यात आला. दरम्यान २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांच्या धर्तीवरच विमा देण्याचे बंधन घातले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रस्तावपत्रात खरी माहिती देण्याच्या कर्तव्यावर भर दिला होता. डिसेंबर २०२१ मधील एका निर्णयात त्याने दुसरी बाजूही स्पष्ट केली. विमेदाराने सांगितलेली प्रकृती तपासून कंपनीने विमापत्र दिले असेल, तर त्याच आजाराचे कारण दाखवून तिला नंतर दावा नाकारता येणार नाही.

शासकीय आरोग्य योजना : महाराष्ट्र शासनाने १९९७ मध्ये जीवनदायी योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना हृदय, मेंदू, मूत्रपिंड इत्यादींच्या गंभीर विकारांवरील शस्त्रक्रियांसाठी तीतून अर्थसाहाय्य मिळे. ही योजना आधीच आजारी असलेल्यांसाठीच होती, त्यामुळे पूर्वविद्यमान रोगाचा प्रश्न तीत उद्‌भवत नव्हता. तिची जागा राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने घेतली. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली. त्यांत मुंबई शहर, मुंबई उपनगर व रायगड हे जिल्हे होते, ठाणे नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून उर्वरित राज्याबरोबर ठाणे जिल्हाही तीत आला. पिवळी व केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांना ठराविक उपचारांसाठी वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत संरक्षण होते व जुने रोग पहिल्या दिवसापासून समाविष्ट होते. शासन सर्व पात्र कुटुंबांचा हप्ता एकगठ्ठा भरत असल्याने येथे निवडीस वाव नव्हता. वर वर्णिलेला चौथा मार्ग तो हाच. २०१७ मध्ये या योजनेस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली आणि दोन्ही योजना राज्यात एकत्रित राबविल्या जाऊ लागल्या. २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांचा समावेश व पाच लाख रुपयांची मर्यादा यांस मान्यता दिली. पांढरी शिधापत्रिका असलेली डोंबिवली-ठाण्याची अनेक कुटुंबे त्यापूर्वी या योजनेच्या कक्षेबाहेर होती. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, केंद्रीय योजनेत घेण्यात आले. मात्र या योजनांचा लाभ यादीतील उपचारांपुरता व संलग्न रुग्णालयांपुरता असतो. चिरकारी रोगावरील रोजचे औषध हा खर्च त्यांत प्रायः येत नाही.

इतर देश : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने १ जानेवारी २०१४ पासून वैयक्तिक विम्यातही पूर्वविद्यमान रोगावरून अर्ज नाकारण्यास वा अधिक हप्ता घेण्यास मनाई केली व त्याबरोबर विमा घेण्याची सक्ती केली. धर्मश्रद्धेवर आधारलेल्या खर्च-वाटणी मंडळांच्या सभासदांना या सक्तीतून सूट मिळाली. ही मंडळे विमा कंपन्या नसल्याने त्यांना वरील मनाई लागू होत नाही. जुन्या रोगाचा खर्च ती आरंभी वाटून घेत नाहीत, नंतर वर्षागणिक वाढत्या मर्यादेपर्यंत घेतात, आणि तोही देण्याची कायदेशीर हमी नसते. समान श्रद्धेचा समूहही ऐच्छिक असला, की त्यास प्रतीक्षाकालाचा आश्रय घ्यावा लागतो, हे यावरून दिसते.

मूल्यमापन : ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील अनुभवावरून काही निष्कर्ष निघतात. जुन्या रोगास सर्वांत उदार वागणूक ज्यांनी दिली, त्या योजना कायद्याने, नोकरीने वा शासनाच्या खर्चाने संपूर्ण समूह व्यापणाऱ्या होत्या. ऐच्छिक विम्यातील अपवाद कायमच्या वगळणुकीपासून ४८ महिन्यांवर व तेथून ३६ महिन्यांवर आला. तो शून्यावर आणणे समूह सर्वव्यापी झाल्याशिवाय कठीण आहे. मध्यंतरीचा उपाय मात्र अशक्य नाही. पोर्टेबिलिटीची सोय विमा कंपन्यांपुरतीच आहे. कामगार विमा योजनेत घालविलेली वर्षे वैयक्तिक विमापत्राच्या प्रतीक्षाकालात धरली जात नाहीत. ज्याने वीस वर्षे एका निधीत वर्गणी भरली, तो दुसऱ्या निधीच्या दाराशी नवखा ठरतो. त्याने रोग झाल्यावर विमा शोधलेला नसतो, तर विमा असताना त्यास रोग झालेला असतो. त्यामुळे प्रतिकूल निवडीचा आक्षेप त्याला लागू पडत नाही. ही वर्षे मोजण्याची तरतूद होईपर्यंत नोकरी बदलणारा, पगारवाढ मिळालेला वा कारखाना बंद पडल्याने घरी बसलेला माणूस ३६ महिन्यांपर्यंत जुन्या दुखण्याचा खर्च स्वतःच सोसतो, किंवा पालिकेच्या व शासनाच्या रुग्णालयांकडे वळतो. ठाणे महानगरपालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई व डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय येथे रोग केव्हापासूनचा आहे, हे केवळ उपचारासाठी विचारले जाते. सर्व विमायोजनांच्या फटींतून निसटलेल्यांचा भार अखेर याच संस्थांवर पडतो. म्हणून त्यांची क्षमता हा आरोग्यविम्याच्या प्रश्नाचाच एक भाग मानावा लागतो.